घरणीचा चढ

म्हशीची धार काढायच्या आधी गाडीला विभूती लावायची, हा जगदेवीचा नेम नऊ वर्षांत चुकला नव्हता. ॲम्बॅसिडर दारात आली त्या दिवसापासून. बॉनेटवर तीन बोटं, चारी चाकांवर तीन-तीन बोटं, मग दार उघडून स्टेअरिंगवर, आणि शेवटी पदर खोचून, वाकून, खालचे क्लच, ब्रेक आणि ॲक्सिलेटर. पायाखालच्या पट्ट्यांना विभूती लावणारी बाई अख्ख्या लातुरात दुसरी नसेल. कुणी हसलं तर ती म्हणायची, "राबतेत तर तेच. मग त्यायलाच का वगळायचं?"

आज तिनं जरा घाईनंच लावली. गावाकडं, शिरूर अनंतपाळला, महादेवाच्या देवळात पावसासाठी शिवनाम सप्ताह मांडला होता आणि आजचा दिवस शेवटचा. अकरा वाजता बिलोलीच्या दानम्मा अक्कांचं प्रसादाचं कीर्तन. ते झाल्याशिवाय पंगत बसायची नाही, ही तिथली रीत. अक्का काल नांदेडला मुक्कामाला होत्या. पहाटेच्या एसटीनं आठपर्यंत लातूरला येणार, आणि इथून त्यांना गाडीत बसवून गावी न्यायचं, असं ठरलं होतं.

गाडी होती. हाकणारा नव्हता.

"येत न्हाईत म्हणं," शेषेरावची बायको तारामती फाटकातूनच सांगत होती. "पहाटे साह्यबाची जीप आली आन् घेऊन गेली. टँकर तपासायला. म्हणले, आप्पाला सांग, माफ करा म्हणावं."

भीमाशंकर दातात कडुलिंबाची काडी धरून ओसरीवर उभा होता. त्यानं काडी काढली. "घ्या. चार वर्षं झाली जिल्हा होऊन. नळाला पाणी आलं न्हाई, रस्त्याला डांबर आलं न्हाई, आमचा डायव्हर तेवढा नेला सरकारनं."

"नोकरी हाय बाबा सरकारी," तारामती म्हणाली. "पगारी रजा हाय, पेन्शन हाय."

"आसू दे, आसू दे. लई चांगलं झालं," भीमाशंकर म्हणाला. शेषेरावावर त्याचा राग नव्हता. महिन्यापूर्वी नोकरी लागली तेव्हा भीमाशंकरनंच त्याच्या हातावर पेढा ठेवला होता. पण आज एक दिवस येतो म्हणून शब्द दिला होता गड्यानं.

ओसरीच्या टोकाला बाजेवर गुरुबसप्पा बसले होते. घरात सगळे त्यांना आप्पा म्हणत. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, पण चाळीस वर्षं कीर्तनात मृदंग वाजवलेला माणूस. कानानं सगळं घर बघायचा. ते हसत होते.

"आप्पा, तुम्ही का हसून राहिले?" भीमाशंकरनं विचारलं.

"न्हाई रे. म्हणलं, आता काय करतूस."

भीमाशंकरला त्या हसण्याचा अर्थ कळत होता, म्हणूनच तो चिडला. मागच्या सोमवारी याच ओसरीवर गाडी विकायचं ठरलं. धाकट्या भावानं, शिवलिंगनं, गिऱ्हाईक आणलं: नांदेडचे माणिकप्पाशेठ, अर्धापुरातून केळी भरून पाठवणारे. शेठला गाडी पसंत होती. शिवलिंगचं म्हणणं सरळ होतं, ड्रायव्हर नाही, घरात कुणाला चालवता येत नाही, मग ती दारात उभी करून कोंबड्यांनी त्यात अंडी घालायची का? भीमाशंकरला ते पटलं. आप्पांनी तेवढं एक वाक्य टाकलं होतं. "सप्त्याच्या शेवटच्या दिवशी घरातल्या कुणी गाडी चालवत गावात आणली तर ती घरची. न्हाईतर शेठला तिथंच चावी देऊन टाका." दोघा भावांनी एकमेकांकडं बघून हो म्हटलं. घरातलं कोण आणणार होतं? शेठ आज जेवायला आणि गाडी न्यायला, दोन्हीसाठी गावात येणार होते.

"मीच नेतो," भीमाशंकर म्हणाला.

जगदेवीच्या हातातली चरवी थांबली. "तुम्ही?"

"तर काय. नऊ वर्षं शेषेरावाच्या शेजारी बसतो की मी."

"बसता खरं," जगदेवी म्हणाली. "झोपून."

*

शिवकन्या परसदाराच्या उंबऱ्यात उभी राहून हे सगळं ऐकत होती. तिला घोर लागला होता. बापाचं काय होईल याचा नाही. बापाला जमलं तर काय होईल याचा.

मागच्या महिन्यात तिला अठरा पूर्ण झाली. बारावीचा पेपर संपला त्याच दिवशी आप्पांनी विचारलं होतं, "शिवे, गाडी शिकतीस का?" तिला वाटलं, चेष्टा करतात. पण दर रविवारी आप्पा "शेत बघायला" म्हणून शेषेरावला घेऊन निघायचे आणि डोळ्यांनी दिसत नाही म्हणून नातीला सोबत न्यायचे. शेत बाजूलाच राहायचं. गाडी उतरायची गावच्या तलावात. तलावात दोन वर्षं पाणी नव्हतं. एक मैल लांब, भाकरीसारखा सपाट, भेगाळलेला तळ. धडकायला झाड नाही, दगड नाही, माणूस नाही. दुष्काळानं सगळं नेलं आणि एवढं एक मैदान दिलं.

शेषेरावनं पहिल्या दिवशी क्लच, गिअर, ब्रेक दाखवलं. दुसऱ्या दिवशी तो पांढरा फटक पडून उतरला आणि काठावरच्या बाभळीखाली बिडी ओढत बसला. "आप्पा, माज्याच्यानं न्हाई व्हायचं. परक्याची लेक अस्ती तर दोन शिव्या देऊन शिकवली अस्ती."

मग शिकवलं आप्पांनीच. ज्यांना समोरचं बॉनेट दिसत नव्हतं त्यांनी. ते डाव्या बाजूला बसायचे, डोळे मिटून, आणि इंजिन ऐकायचे. आवाज चढत जायचा, टिपेला पोचायचा, की त्यांची दोन बोटं डॅशबोर्डवर पडायची. टक. तिनं क्लच दाबून गिअर बदलायचा. "हं. आता समेवर आलीस. मगाशी आधीच उडी मारली होती." गाडी गचके खायला लागली की ते म्हणायचे, "मृदंगावर हात हाणू नये, ठेवावा. क्लच तसाच सोडायचा." चार रविवारांत तिच्या डाव्या पायाला ते कळलं.

विभूतीचा घोळ पहिल्याच दिवशी झाला होता. क्लचवर आईनं ओढलेली तीन बोटं बघून तिचा पाय वरच राहिला. आप्पांनी विचारलं, काय झालं? तिनं सांगितलं. ते म्हणाले, "हातानं पूस, कपाळाला लाव, मग पाय ठेव. आईची पूजाबी राहिली आन् गाडीबी चालली." तेव्हापासून ती तसंच करायची. परवान्याच्या परीक्षेला गेली तेव्हा साहेब शेजारी बसले आणि ही आपली वाकून पट्ट्या चाचपते, कपाळाला हात लावते. साहेब म्हणाले, "बाई, आत्ताच पाया पडून राहिल्या, चालवायला लागल्यावर काय करता?" पण पास केलं. परवाना आठ दिवसांपासून तिच्या कंपास पेटीत, कर्कटकाच्या खाली होता.

हे घरात फक्त आप्पांना माहीत होतं. आणि आता बाप चावी घेऊन गाडीकडं निघाला होता.

*

भीमाशंकर बसला. आरसा नीट केला. शेषेराव करायचा तसं खांद्यावरच्या उपरण्यानं काचेवरून हात फिरवला. मग खाली बघितलं आणि अडकला.

क्लचवर विभूती. ताजी, ओली, तीन बोटं.

गळ्यात इष्टलिंग असलेला माणूस. रोज अंघोळीनंतर जी कपाळाला लावायची ती पायाखाली कशी घ्यायची? शेषेराव नऊ वर्षं बिनघोर तिच्यावर पाय ठेवत होता हे आजवर त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. पुसावी, तर सप्त्याच्या दिवशी बायकोची पूजा पुसल्यासारखं. त्यानं मधला मार्ग काढला. अंगठा आणि शेजारचं बोट वर धरून, पट्टीच्या अगदी कडेला, विभूती वाचवत पाय ठेवला.

इंजिन चालू झालं. गिअरचा दांडा खाली ओढला तसा खर्रर्र आवाज आला आणि म्हैस दावं ताणून उठली. दांडा कुठंतरी बसला. पाय कडेवरून घसरला.

गाडीनं बेडकासारखी उडी मारली. दुसरी मारली. तिसऱ्या उडीला ती अंगणातल्या कडब्याच्या गंजीत शिरली आणि गप झाली. वरच्या दहा-बारा पेंढ्या बॉनेटवर, टपावर येऊन पडल्या. म्हैस दावं ओढत जवळ गेली आणि बॉनेटवरचा कडबा खाऊ लागली.

"लागलं का हो?" जगदेवी धावली.

"न्हाई," आतून आवाज आला.

"मग उतरा की."

"उतरतो. जरा बसतो."

फाटकापाशी रिक्षा थांबली होती, ते कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. तिच्यातून एक ठेंगणी, साठीची बाई उतरली. पांढरं लुगडं, कपाळभर विभूती, गळ्यात रुद्राक्ष, काखेत कापडी पिशवी. तिनं कडब्यातली गाडी बघितली, गाडीतला माणूस बघितला, बॉनेटवर चरणारी म्हैस बघितली.

"शरणार्थ," दानम्मा अक्का म्हणाल्या. "ह्याच गाडीत बसायचं का मला?"

*

ओसरीवर चहा झाला. अक्कांनी बशीत ओतून, फुंकून प्यायला आणि घड्याळ बघितलं. सव्वाआठ.

"जीप बघतो," भीमाशंकर म्हणाला. त्याच्या केसात अजून कडबा होता.

"कुठली जीप?" जगदेवी म्हणाली. "बाजारातल्या सगळ्या जीपा टंचाईच्या ड्यूटीवर गेल्यात. कालच तर भावजी म्हणत होते."

"मग एसटी."

"शिरूरची एसटी एकची," आप्पा म्हणाले.

मग अक्काच म्हणाल्या, "हे बघा, मी चालत निघाले अस्ते, पण पंधरा कोस चालायचं वय गेलं. सात दिवस लोकांनी उपाशी बसून नाव घेतलं, आन् शेवटाला कीर्तन न्हाई, आसं झालं तर ते बरं दिसंल का? देवाला चालंल. देव समजदार हाय. पण लोकाच्या मनाला लागंल."

जगदेवी पदराचं टोक पिळत होती. तेवढ्यात शिवकन्या आत गेली आणि बाहेर आली. तिनं बापापुढं परवाना धरला. फोटोतल्या तिच्या दोन वेण्या समोर आल्या होत्या आणि डोळे मोठे झाले होते.

"हे काय?"

"परवाना."

"कुणाचा?"

"माझा. मला येतंय, बाबा."

भीमाशंकरनं कागद उलटा केला, सुलटा केला. मग बाजेकडं बघितलं. आप्पा छताकडं तोंड करून बसले होते.

"आप्पा."

"बोल."

"शेत बघायला जात होते तुम्ही?"

"शेतच बघत होतो. तलावातून दिसतंय की शेत. मला कुठूनबी सारखंच दिसतंय."

"आन् शेषेराव? त्याला बी तुम्हीच नगं येऊ म्हणून सांगितलं?"

"शिवा शिवा. सरकारी जीप काय माझ्या सांगण्यावर चालती का?" आप्पा म्हणाले, आणि पुढं खाली आवाज करून, "पण आला न्हाई ते बरं झालं."

भीमाशंकर उठून उभा राहिला. "ते काही न्हाई. पोरीची जात. उद्या सोयरे येतील बघायला. भुसार मालाच्या आडत्याची लेक गाडी हाकती, असं नांदेडपतोर जाईल. जगदेवी, तू सांग तिला."

शिवकन्यानं आईकडं बघितलं. तिला माहीत होतं आई काय म्हणणार. दोन महिन्यांपूर्वी सायकलवरून पडली तेव्हा आईनं सायकलच शेजाऱ्यांना देऊन टाकली होती.

जगदेवी मात्र त्या वेळी दुसरंच बघत होती. अक्कांच्या पायात रबरी चप्पल होती, दोरीनं बांधलेली. ही बाई पहाटे तीनला उठून, एसटीत उभ्यानं, कुणाच्या तरी गावच्या पावसासाठी आली होती. आणि आपण तिला दारातून परत लावणार होतो. कशासाठी, तर सोयरे काय म्हणतील.

"चावी द्या तिला," जगदेवी म्हणाली.

"काय?"

"चावी. मीबी बसते मागं. मरायचं आसंल तर सगळेच मरू, कीर्तनाला जाता जाता मरण आलं तर वाईट न्हाई."

अक्का हसायला लागल्या. "आता ह्या बोलण्यावर तर मी नक्की बसते."

*

कीर्तनकाराला पुढची जागा. त्यात कुणी विचार केलाच नाही. अक्का पुढं बसल्या, पिशवी मांडीवर घेऊन. मागं एका खिडकीला जगदेवी, दुसरीला भीमाशंकर, मधे आप्पा. गाडी कडब्यातून मागं घेताना शिवकन्याला घाम फुटला, पण निघाली. तिनं वाकून पट्ट्यांवरची विभूती पुसली होती, कपाळाला लावली होती. मागून बापानं ते बघितलं आणि तो स्वतःच्या अंगठ्याकडं बघत राहिला.

लातूर मागं पडलं तेव्हा तिच्या ध्यानात आलं. आप्पांची बोटं डॅशबोर्डपर्यंत पोचत नव्हती.

त्यात अक्कांनी तोंड उघडलं.

"कीर्तनाआधी मी आवाज तापवत जाते," त्या म्हणाल्या. "वाटेत बोलत न्हाई कुणाशी. राग मानू नगा." आणि त्या गायला लागल्या. ठेंगण्या बाईच्या पोटात एवढा आवाज कुठं मावत होता कुणास ठाऊक. काचा थरथरल्या. नमनाचा स्वर त्यांनी लावला तो एक मैलभर सोडलाच नाही. आप्पा मागं डोलायला लागले, हात मांडीवर ठेका धरू लागले. भीमाशंकरसुद्धा, मान मोडेल इतका ताठ बसलेला, नकळत टाळ्या वाजवायला लागला.

शिवकन्याला इंजिन ऐकू येत नव्हतं.

सपाट रस्त्यावर तिनं अंदाजानं भागवलं. तिसऱ्या गिअरवर टाकली आणि तशीच ठेवली. दोन्हीकडं उघडी रानं, पऱ्हाट्या उपटून नेलेली. मधेच एखादी बोअर घेणारी गाडी, तिच्याभोवती धुळीचा ढग आणि आशेनं उकिडवी बसलेली माणसं. बाया घागरी घेऊन रस्त्याच्या कडेनं चालत होत्या. गाडीत बाई हाकताना बघून त्या थांबायच्या, एकमेकींना कोपर मारायच्या. एकीनं हात हलवला. शिवकन्यानं हलवला नाही. दोन्ही हात स्टेअरिंगवर चिकटले होते.

घरणी नदीचं कोरडं पात्र ओलांडलं की चढ लागतो. एका बाजूला कापलेला खडक, दुसऱ्या बाजूला उतार, रस्ता एका गाडीपुरता. पुढं पाण्याचा टँकर चालला होता, मागून पाणी ठिबकत. शिवकन्यानं दुसरा टाकला आणि त्याच्या मागं लागली.

चढाच्या मधोमध टँकर थांबला. खडकाच्या आडून पंधरा-वीस बाया धावत आल्या, घागरी, कळशा, तेलाचे डबे घेऊन. टँकरवाला खाली उतरला आणि नळी सोडली. इथंच त्याचा थांबा होता.

तिनं ब्रेक दाबला. हँडब्रेक ओढला, तो नावापुरता होता, गाडी दोन वीत मागं आलीच. तिनं पुन्हा पायाचा ब्रेक दाबून धरला. आरशात बघितलं. मागं एक बैलगाडी, तिच्या मागं डोक्यावर कळशी घेतलेल्या दोन पोरी. त्यांचं हसणं इथून दिसत होतं.

टँकर पाच मिनिटांनी पुढं गेला. आता निघायचं होतं. ब्रेक सोडायचा, क्लच सोडायचा, ॲक्सिलेटर द्यायचा. पाय दोन, पट्ट्या तीन. तलावाच्या बांधावर हे तिनं केलं होतं, पण तिथं आप्पांचं बोट होतं. तिनं पाय उचलला. गाडी गचकली, बंद पडली, मागं सरकली. पुन्हा ब्रेक. मागं बैलगाडीवाला ओरडला.

"उतर," भीमाशंकर म्हणाला. त्याचा आवाज चिरकला होता. "उतर तू. मी बघतो."

"तुम्ही काय बघता?" जगदेवी म्हणाली. "हितं कडबा न्हाई."

अक्का गातच होत्या. डोळे मिटून, वरच्या स्वरावर. त्यांना काही कळलंच नव्हतं.

शिवकन्यानं पुन्हा इंजिन चालू केलं. तिला फक्त एक गोष्ट पाहिजे होती, आणि ती मागायला तोंड उघडत नव्हतं. कीर्तनकाराला आजवर घरातल्या कुणी मधे तोडलं नव्हतं. आप्पांनी एकदा विंचू चावलेला असताना अभंग संपेपर्यंत मृदंग वाजवला होता.

"अक्का," ती म्हणाली. "जरा गप बसा."

गाडीत एकदम शांत झालं. जगदेवीनं जीभ चावली. भीमाशंकरनं कपाळाला हात लावला. अक्कांनी डोळे उघडून या पोरीकडं बघितलं.

आप्पांनी बोट उचललं होतं, पुढच्या सीटच्या पाठीवर ठेका द्यायला. सवयीनं. मग त्यांनी ते खाली घेतलं, आणि दुसऱ्या हातात धरून ठेवलं.

इंजिन आता ऐकू येत होतं. टाचेनं ब्रेक धरून तिनं चवड्यानं थोडा ॲक्सिलेटर दिला, तसा आवाज उठला. डावा पाय हळू वर घेतला. अजून. अजून. एका जागी आवाज खाली बसला, ओझं डोक्यावर घेताना माणूस हुंकारतो तसा. तिथंच तिनं पाय थांबवला. गाडी मागं येईना. पुढंही जाईना. चढावर नुसती तरंगत राहिली. मग तिनं टाच काढली.

ॲम्बॅसिडर निघाली. गचका नाही, उडी नाही. बाया बाजूला झाल्या. एकीनं ओंजळभर पाणी चाकावर शिंपडलं, दुष्काळात, आणि शेजारणीच्या शिव्या खाल्ल्या.

चढ संपला तेव्हा भीमाशंकरनं सोडलेला श्वास सगळ्यांना ऐकू गेला.

"झालं का तल्ली?" अक्कांनी विचारलं. बिलोलीकडं तेलुगू ऐकून ऐकून त्या सगळ्या लेकीबाळींना तल्ली म्हणत, म्हणजे माय. "आता गाऊ का मी?"

"गा अक्का," शिवकन्या म्हणाली आणि तिला रडू आलं. पण तिनं डोळे पुसले नाहीत. दोन्ही हात स्टेअरिंगवरच होते.

*

गावात गाडी शिरली तेव्हा देवळापुढच्या मंडपात माणसं उभी राहिली. शिवलिंग पुढं आला आणि चालवणाऱ्याच्या जागी पुतणीला बघून तसाच उभा राहिला. त्याच्या मागं माणिकप्पाशेठ होते, पांढरी टोपी, हसरा गोल चेहरा.

भीमाशंकर उतरला, वळसा घालून लेकीच्या दाराशी आला आणि हात पुढं केला. शिवकन्यानं त्याच्या तळव्यावर चावी ठेवली. त्यानं चावी खिशात टाकली आणि मंडपात जाऊन बसला.

कीर्तन अकराला पाच कमी असताना उभं राहिलं. नमन झालं, नाम झालं, आणि निरूपणाला अक्कांनी उपरणं कमरेला बांधलं.

"चाळीस वर्षं मी उभी राहते," त्या म्हणाल्या. "मला बाळंतपणं थांबवू शकली न्हाईत, पाऊस थांबवू शकला न्हाई, पाटील थांबवू शकला न्हाई. आज सकाळी घरणीच्या चढावर एका पोरीनं मला सांगितलं, अक्का, गप बसा."

मंडप हसला. शिवकन्या बायकांत आईच्या पाठीमागं दडली.

"हसू नगा. मला आधी राग आला. मी देवाचं नाव घेत होते ना? मग गप बसले, आन् कानावर काय आलं, तर गाडीचं इंजिन. ते मगापासून बोलतच होतं. आता धर, आता सोड, असं सांगतच होतं. माझ्या आवाजात कुणाला ऐकू येत नव्हतं. तवा माझ्या मनात आलं, दानम्मा, चाळीस वर्षं तू एवढ्या मोठ्यानं हाका मारतीस त्याला. त्यानं ओ दिली आसंल, तर तुला ऐकू आली आस्ती का?"

टाळकऱ्यांनी टाळ छातीशी धरले. अक्कांनी हात वर केला आणि सांगितलं, एक घटका कुणी नाव घेऊ नका, नुसते बसा. सात दिवस घुमणारं देऊळ गप्प झालं. दीडशे माणसं गप्प बसली. बाहेर लिंबाचा पाला हलत होता तो ऐकू येत होता, एका तान्ह्या पोराचं चोखणं ऐकू येत होतं. आप्पांच्या मिटलेल्या डोळ्यांतून पाणी येत होतं. भीमाशंकर मात्र मान खाली घालून बसला होता आणि खिशातला हात बाहेर काढत नव्हता.

*

पंगत उठली. खिचडी, गुळाची हुग्गी, आमसुलाचं सार. माणिकप्पाशेठनी हात धुतले, तेही तांब्यातल्या अर्ध्या पाण्यात, टंचाई ओळखून.

शिवलिंग भावाजवळ आला. "दादा, शेठ थांबलेत. चावी."

"गाडी तर घरातल्यानंच आणली," आप्पा म्हणाले.

"आणली आप्पा, कबूल. मला बी आनंद हाय. पण उद्याचं बघा. वर्षा-दोन वर्षांत तिचं लगीन होईल. ती गेली की गाडी पुन्हा तशीच उभी. मग आसं गिऱ्हाईक मिळंल का? मी काय वाईट सांगून राहिलो का?"

तो वाईट सांगत नव्हता. त्याच्या बोलण्यात खोट नव्हती. शिवकन्यानं मान खाली घातली.

जगदेवी पत्रावळी गोळा करत होती. ती न थांबताच म्हणाली, "जायच्या आधी मला शिकवून जाईल."

शिवलिंग वळला. "वहिनी, तुम्ही?"

"का? मला दोन पाय न्हाईत का?"

माणिकप्पाशेठ हसू दाबायला गेले आणि त्यांना ठसका लागला. आप्पा तर उघडच हसत होते. भीमाशंकर एकटा हसला नाही. तो आळीपाळीनं बायकोकडं आणि लेकीकडं बघत होता, जणू दोघी आजच कुठूनतरी पाहुण्या आल्या होत्या. कीर्तनभर त्यानं सौद्याचाच विचार केला होता. दिलेला शब्द मोडायचा माणूस तो नव्हता. पण शब्द तर आप्पांनीही घेतला होता, सगळ्यांसमोर, आणि त्यानं मान डोलावली होती. आणि चढावर, गाडी नुसती तरंगत होती त्या क्षणी, आपला जीव कुणाच्या पायात होता हे त्याला नीट कळलं होतं.

"शेठ," तो म्हणाला, "तुमची नांदेडची गाडी फाट्यावर कितीला?"

"साडेतीनला. पण आता मला एसटी कशाला? ॲम्बॅसिडर घेऊनच जातो की."

भीमाशंकरनं खिशातून हात काढला. चावी घामानं ओली झाली होती. ती त्यानं उपरण्याला पुसली आणि शिवकन्याच्या हातात दिली.

"शेठजींना फाट्यावर सोडून ये," तो म्हणाला. "आन् जल्दी माघारी ये. मला लातूरला जायचंय."

माणिकप्पाशेठनी टोपी काढून डोकं खाजवलं, पुन्हा घातली, आणि धंद्यात मुरलेला माणूस हरल्यावर हसतो तसं मोकळं हसले. "चला," ते म्हणाले. "येताना गाडी बघायला आलो, जाताना बसून तरी बघतो." गाडीपाशी जाऊन त्यांनी सवयीनं उजव्या बाजूचं, स्टेअरिंगकडचं दार उघडलं.

"शेठजी," शिवकन्या त्यांच्या पाठीमागं येऊन थांबली होती. "तुम्ही तिकडून."